घराचा उंबरठा आणि दवाखान्याची खुर्ची: दोन्हींची भीती असताना दातांचे उपचार कसे घ्यावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या व्यक्तीचे वय चाळिशीच्या आसपास आहे. अगोराफोबियामुळे, म्हणजे जिथून निसटता येणार नाही अशा ठिकाणी जाण्याच्या तीव्र भीतीमुळे, गेली चार वर्षे एकट्याने घराबाहेर पडणे जवळजवळ बंद आहे आणि सोबतीला कुणी असले तरी गल्लीच्या टोकापर्यंतच मजल जाते. लहानपणी दाढ काढताना दोघांनी हातपाय धरून ठेवले होते. त्यानंतर दंतवैद्याच्या दवाखान्यात पाऊल पडलेले नाही. खालची एक दाढ अर्धी तुटली आहे. ती महिनाभर ठणकली, मग ठणका आपोआप थांबला आणि आता तिच्याजवळच्या हिरडीवर एक पुटकुळी येते आणि जाते. इतर दातांतही काळे खड्डे दिसतात. डॉक्टर घरी येऊ शकतात का, पूर्ण भूल देऊन सगळे एकदाच उरकता येईल का, आणि तोंडाची ही अवस्था पाहून डॉक्टर काय म्हणतील, असे तीन प्रश्न विचारले आहेत.

तिसरा प्रश्न मी आधी घेते, कारण बहुतेकांची वाट तिथेच अडते. भीतीमुळे जाणे टळते, टळल्यामुळे दात बिघडतात, बिघडलेल्या दातांची लाज वाटते आणि मग त्या लाजेपोटी जाणे आणखी टळते. माझ्याकडे येणाऱ्या घाबरलेल्या रुग्णांपैकी कितीतरी जण तोंडावर हात ठेवूनच बोलायला सुरुवात करतात आणि त्यांचे पहिले वाक्य बहुधा माफीचे असते. तुटलेली दाढ, टार्टरचा म्हणजे दातांवर साचून कडक झालेल्या घाणीचा थर, हिरड्यांतून येणारे रक्त, तोंडाचा वास हे सगळे आमच्या रोजच्या कामातले आहे. सव्वीस वर्षांत मला धक्का बसावा असे तोंड मी पाहिलेले नाही, आणि तुमचे वर्णन वाचूनही मला धक्का बसला नाही. ‘इतके दिवस काय करत होता?’ असे विचारणारे डॉक्टर भेटतात, हे मला माहीत आहे. तसे कुणी विचारले, तर दोष तुमचा आहे असे समजू नका. ते डॉक्टर तुमच्या उपयोगाचे नाहीत एवढेच त्यातून कळते, आणि दुसरे डॉक्टर शोधण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आता दाढेविषयी, कारण ती वाट पाहत बसणारी नाही. ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असे नसते. तुमच्या वर्णनावरून त्या दाढेची नस मेलेली असावी, म्हणून ठणका गेला. मुळाच्या टोकाशी जंतुसंसर्ग चालूच आहे आणि तिथला पू हाड आणि हिरडी पोखरून पुटकुळीच्या वाटेने बाहेर पडतो आहे. पुवाला बाहेर पडायला वाट आहे तोवर दाब वाढत नाही, म्हणून दुखत नाही. ती वाट बंद झाली की सूज येऊ शकते. त्यामुळे आजच्या आज धावपळ करावी अशी ही अवस्था नाही, पण वर्षभर तशीच ठेवावी अशीही नाही. या दाढेला शेवटी रूट कॅनॉल करून घेणे, म्हणजे मेलेली नस काढून मुळाची पोकळी साफ करून भरणे, किंवा दाढ काढणे, हे दोनच मार्ग आहेत. प्रतिजैविक गोळ्यांनी पुटकुळी काही दिवस बसेल आणि पुन्हा येईल, कारण मेलेल्या नसेच्या पोकळीत रक्तपुरवठा नसतो आणि रक्त पोहोचत नाही तिथे औषधही पोहोचत नाही. म्हणून ‘फोनवरून गोळ्या लिहून द्या’ हा उपाय तुम्हाला आणि मलाही सोयीचा वाटला, तरी तो उपाय नव्हे.

मात्र काही लक्षणे दिसली की घराबाहेर पडण्याची भीती, खुर्चीची भीती हे सगळे बाजूला ठेवून रुग्णालयच गाठावे लागते: सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरत असेल किंवा डोळ्याकडे चढत असेल, तोंड उघडत नसेल, थुंकी गिळता येत नसेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, श्वास घ्यायला त्रास होत असेल, किंवा सुजेबरोबर थंडी वाजून ताप येत असेल. जबड्याखालचा संसर्ग श्वासमार्ग बंद करू शकतो आणि तो काही तासांत वाढतो. ही लक्षणे एका कागदावर लिहून घरातल्या माणसाजवळ द्या आणि ती दिसली तर तुमच्याशी वाद न घालता रुग्णवाहिका बोलवायची, हे आजच ठरवून ठेवा. ऐन घबराटीत असा निर्णय घेता येत नाही. तो शांत असतानाच घेऊन ठेवावा लागतो.

पुन्हा ठणका लागलाच, तर दातदुखीवर आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल या दोन गोळ्या सोबत घेतल्यास चांगला उतार पडतो. पण आम्लपित्ताचा व्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा गरोदरपण असेल, किंवा रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल, तर आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. घबराटीसाठी सर्ट्रालिन किंवा एस्सिटॅलोप्रॅमसारखी गोळी चालू असेल तरीही विचारा, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याची सवय अनेकांना असते. तिने हिरडी भाजते, दुखणे जात नाही.

यानंतर मुख्य मुद्दा. तुम्हाला दोन भीती आहेत आणि त्या एकमेकींत गुंतल्या असल्या तरी एक नाहीत. अगोराफोबिया हा शब्द जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी 1871 मध्ये वापरात आणला. त्याचा शब्दशः अर्थ बाजाराच्या चौकाची भीती असा असला, तरी भीतीचे मूळ गर्दीत किंवा मोकळ्या जागेत नसते. ‘इथे मला काही झाले, तर मी इथून निसटू शकणार नाही आणि मदतही मिळणार नाही,’ हा विचार तिच्या मुळाशी असतो. आता दंतवैद्याची खुर्ची डोळ्यांसमोर आणा. पाठ आडवी, पाय वर, छातीवर नॅपकिन, तोंडात दोन माणसांचे हात, बोलता येत नाही आणि दार पाठीमागे. अगोराफोबियाला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी त्या एका खुर्चीत जमलेल्या असतात. म्हणून तुमच्यासारखी माणसे दुहेरी कोंडीत सापडतात: दवाखान्यापर्यंतचा रस्ता ही एक अडचण, आणि रस्ता पार करून पोहोचलात तर तिथे तीच अडचण अधिक तीव्र रूपात वाट पाहत असते. दाताची भीती मात्र वेगळ्या ठिकाणाहून येते. सुई, वेदना, मशिनचा आवाज, आणि तुमच्या बाबतीत धरून ठेवलेले हातपाय. ज्या मुलाने ‘थांबा’ म्हटले तरी कुणी थांबले नाही, त्याचे शरीर ते विसरत नाही.

या दोन भीती वेगळ्या केल्या की कामाचे तुकडे करता येतात, म्हणून मी रुग्णांना दोन कागद करायला सांगते. एका कागदावर घरापासून खुर्चीपर्यंतचा रस्ता: चपला घालणे, जिना, वाहनात बसणे, वाहन सिग्नलला थांबणे, दवाखान्याचे दार, बाहेर बसून वाट पाहणे. दुसऱ्यावर खुर्चीतल्या गोष्टी: पाठ खाली जाणे, तोंडातला आरसा, सुई दिसणे, सुई टोचणे, ड्रिलचा आवाज, तोंडात साचणारे पाणी. प्रत्येकीपुढे शून्य ते दहा असा भीतीचा आकडा लिहायचा. आमच्याकडे मोजमापाची एक प्रश्नावलीही आहे. नॉर्मन कोरा यांनी 1969 मध्ये चार प्रश्नांची प्रश्नावली तयार केली होती. 1995 मध्ये तिच्यात भुलीच्या इंजेक्शनचा पाचवा प्रश्न घालून ती सुधारली गेली. तिचे गुण 5 ते 25 या दरम्यान येतात आणि 19 किंवा त्याहून अधिक आले, तर भीती फार तीव्र आहे असे समजतात. पण मला त्या बेरजेपेक्षा तुमच्या कागदावरचा आकडा जास्त उपयोगी पडतो. एकीला सुईचे दोनच गुण असतात आणि बाहेर वाट पाहत बसण्याचे दहा. तिला झोपेचे औषध देण्यापेक्षा थेट आत घेणे हा खरा उपचार असतो.

अशाच एका रुग्ण बाईंनी मला हे काम शिकवले. त्यांच्या बहिणीने फोन केला होता. पहिल्या दिवशी मी एवढेच ठरवले, की त्या गाडीतून दवाखान्यासमोर येतील आणि मी बाहेर जाऊन भेटेन. त्या आल्या, गाडीची काच चार बोटे खाली झाली आणि आमचे बोलणे त्या फटीतून झाले. मी तोंड उघडायला सांगितले नाही. चार-पाच मिनिटांनी त्या गेल्या. दुसऱ्या वेळी त्या पायरीवर आल्या आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. त्यांची बोटे पांढरी पडली होती, पण मागे वळल्या नाहीत. तिसऱ्या वेळी आत येऊन त्या माझ्या खुर्चीत न बसता दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. मी तोंड तपासायचा आरसा त्यांच्याच हातात दिला आणि त्यांनी तो स्वतःच्या दातांना लावून पाहिला. पाचव्या भेटीत एक्स-रे निघाला, सातव्या भेटीत पहिला दात भरला गेला. एकूण वेळ मोजला, तर पहिल्या चार भेटी मिळून तासभरही झाला नसेल. त्या तासाशिवाय पुढचे काहीच झाले नसते, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की उपचाराची सुरुवात खुर्चीत होत नाही, ती तुमच्या घरात होते, आणि पहिल्या काही भेटींत कुठलाही उपचार होऊ नये. हे आधीच बोलून घ्या. दिवसातली पहिली वेळ मागा, कारण त्या वेळी दवाखाना रिकामा असतो, उशीर झालेला नसतो आणि तुम्हालाही दिवसभर झुरत बसावे लागत नाही. वाहनातच थांबा आणि जागा तयार झाली की फोन करायला सांगा. सोबतीचे माणूस आतपर्यंत, अगदी खुर्चीशेजारी बसेल हे ठरवा. दार उघडे ठेवायला सांगा. खुर्ची बसती ठेवूनही बरीच तपासणी आणि खालच्या दातांचे पुष्कळ काम करता येते. आम्हाला मान थोडी अवघडते, पण होते. यातल्या कुठल्याही मागणीसाठी संकोच करू नका. जिना चढता येत नसलेल्या माणसाला आम्ही तळमजल्यावर तपासतो, तसेच हे आहे.

खुर्चीतली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे थांबवण्याची खूण. डावा हात वर केला की मी थांबणार, असे बहुतेक डॉक्टर सांगतात. पण ते सांगणे आणि पाळणे यांत फरक आहे, आणि इथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत एका तरुण रुग्णाने हात वर केला तेव्हा माझे काम अगदी संपत आले होते. ‘झालेच, दोन सेकंद,’ असे म्हणून मी काम चालू ठेवले. दात उत्तम भरला गेला. तो तरुण पुन्हा कधीच आला नाही. तेव्हापासून हात वर झाला की मशिन बंद होते, मग काम कितीही थोडे उरलेले असो. ‘काही होत नाही, मुंगी चावल्यासारखे वाटेल,’ हे वाक्यही मी सोडून दिले आहे. त्याऐवजी ‘दहा सेकंद दाब आणि थोडी जळजळ जाणवेल, मी मोठ्याने मोजते,’ असे सांगते. आकडे मोजल्याने दुखण्याला शेवट मिळतो. पहिल्या खऱ्या भेटीत मी मुद्दाम काही दुखत नसताना हात वर करायला सांगते, दोन-तीनदा. खूण चालते हे शरीराला पटावे लागते. नुसते सांगून ते पटत नाही.

यात एक बारकावा आहे आणि तो तुमच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. थांबणे आणि निघून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घबराट शिगेला पोहोचलेली असताना माणूस उठून बाहेर गेला की क्षणात हायसे वाटते, आणि नेमका तो सुटकेचा क्षण मेंदूला शिकवतो की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती अधिक लवकर येते. म्हणून आम्ही असे ठरवतो, की हात वर झाला की हत्यारे बाहेर, खुर्ची सरळ, पाय जमिनीवर, आणि मग दोन मिनिटे तिथेच बसून राहायचे. पॅनिक अटॅक बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. ओसरताना तुम्ही त्याच खुर्चीत असाल, तर त्या दिवशी एकही दात भरला गेला नाही तरी मोठे काम झाले. दोन मिनिटांनंतर पुढे जायचे की आज पुरे, हे तुम्ही ठरवायचे. ‘आज पुरे’ म्हणालात, तर त्यात अपयश नाही. या वेळी श्वास खोल घेण्यापेक्षा सावकाश सोडण्याकडे लक्ष द्या. घाबरलेला माणूस आधीच जास्त हवा आत घेत असतो आणि आणखी खोल श्वास घेतल्याने हातापायांच्या मुंग्या आणि चक्कर वाढते.

भुलीच्या इंजेक्शनबद्दल दोन गोष्टी माहीत असल्या, तर निम्मी घबराट टळते. बहुतेक भुलीत लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाबरोबर थोडे ॲड्रेनॅलिन असते. भूल जास्त वेळ टिकावी आणि रक्त कमी यावे यासाठी ते असते. इंजेक्शननंतर मिनिटा-दोन मिनिटांत छाती धडधडू शकते आणि हात थरथरू शकतात. तो पॅनिक अटॅक नसतो, ॲलर्जी नसते, हृदयविकारही नसतो. ते औषध काही मिनिटांत ओसरते. पण ज्याला धडधडीचीच भीती आहे, त्याला तेवढी ठिणगी पुरते. ‘मला भुलीची ॲलर्जी आहे’ असे सांगत आलेल्या अनेकांना प्रत्यक्षात हाच अनुभव आलेला असतो. लिडोकेनची खरी ॲलर्जी अत्यंत दुर्मीळ आहे. ॲड्रेनॅलिन नसलेली भूलही मिळते, उदाहरणार्थ साधे मेपिवाकेन. तिचा असर कमी वेळ टिकतो, पण छोट्या कामाला पुरतो. तुम्ही प्रोप्रॅनोलॉल ही धडधड कमी करणारी गोळी किंवा जुन्या पद्धतीच्या नैराश्यविरोधी गोळ्या घेत असाल, तर तेही आवर्जून सांगा, कारण त्यांच्यासोबत ॲड्रेनॅलिनचे प्रमाण कमी ठेवावे लागते. दुसरी गोष्ट, खालच्या दाढेसाठी दिलेली भूल कधी कधी घशाच्या मागच्या बाजूपर्यंत जाते आणि गिळता येत नाही असे वाटू लागते. वाटते, पण गिळता येते. मी त्या वेळी रुग्णाला बसते करून एक घोट पाणी देते. घोट उतरला की चेहराच बदलतो. ओठ आणि जीभ दोन ते चार तास बधिर राहू शकतात, तेवढ्या वेळात काही चावू नका.

सुई टोचण्याआधी हिरडी पुसून बधिर करणारे मलम दीड-दोन मिनिटे लावून ठेवले आणि औषध अगदी सावकाश सोडले, तर टोचणी फार कमी जाणवते. घाईने सोडलेल्या औषधाचा दाब सुईपेक्षा जास्त दुखतो. तेव्हा ‘सावकाश द्या’ असे नि:संकोच सांगा.

आता दुसरा प्रश्न, पूर्ण भूल देऊन सगळे एकदाच उरकण्याचा. त्याआधी मधल्या पायऱ्या आहेत. नायट्रस ऑक्साइड हा वायू 1844 मध्ये होरेस वेल्स या दंतवैद्यांनी दात काढण्यासाठी वापरला होता आणि आजही तो ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावाटे देतात. काही मिनिटांत अंग हलके वाटते, माणूस जागा असतो, बोलतो, आणि वायू बंद केल्यावर थोड्याच वेळात पूर्ववत होतो. हवे तेव्हा बंद करता येणे हा त्याचा मोठा गुण आहे. अडचण एवढीच, की नाकावर मास्क बसवावा लागतो आणि कोंडल्याची भीती असलेल्यांना तोच सोसत नाही. आधी मास्क घरी नेऊन हातात धरून, नाकाला लावून पाहता येतो. मन शांत करणाऱ्या, तोंडाने घेण्याच्या गोळ्या स्वस्त आणि सोप्या असतात, पण कुणाला किती असर होईल ते नेमके सांगता येत नाही. त्या कधीही आपल्या मनाने, दारूबरोबर किंवा झोपेच्या दुसऱ्या औषधाबरोबर घेऊ नयेत, आणि त्या दिवशी सोबत माणूस लागतोच. शिरेतून दिलेल्या मिडाझोलॅम या गुंगी आणणाऱ्या औषधाचा असर अधिक नेमका असतो. माणूस सांगितलेले ऐकतो, पण नंतर बरेचसे आठवत नाही. यासाठी प्रशिक्षित डॉक्टर आणि रक्तातील ऑक्सिजनवर सतत लक्ष ठेवणारे यंत्र हवेच.

इथे अगोराफोबिया असलेल्यांची एक वेगळी अडचण मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. काहींना औषधाने येणारी गुंगीच सहन होत नाही. डोके हलके झाले की ‘ताबा सुटतोय’ असे वाटते आणि शांत करणारे औषधच घबराट आणते. तुम्ही तसे आहात का, हे तुम्हालाच माहीत असेल. ते डॉक्टरांना आधी सांगा.

पूर्ण भूल हा योग्य मार्ग असू शकतो, आणि तो निवडणाऱ्याने कमीपणा मानण्याचे कारण नाही. फार दात खराब असतील, संसर्ग असेल, आणि दुसरे काहीच जमत नसेल, तर मी स्वतः तो सुचवते. पण त्यात तीन अडचणी आहेत. ते काम रुग्णालयात होते, आधी तपासण्या, कित्येक तास उपाशी राहणे, अनोळखी खोलीत थांबणे. म्हणजे रस्त्याची भीती कमी न होता वाढते. पूर्ण भुलीत वेळ मर्यादित असल्याने वाचवता आला असता असा दात काढण्याकडे कल झुकतो. आणि जाग आल्यावर भीती जिथल्या तिथे असते, त्यामुळे पुढची दहा वर्षे पुन्हा टाळण्यात जाऊ शकतात. तेव्हा हा मार्ग घेतलात, तर महिनाभरातच फक्त तपासणीसाठीची एक छोटी भेट त्याला जोडून घ्या.

घरी येण्याचा प्रश्न राहिला. अनेक ठिकाणी दंतवैद्य घरी जातात, मुख्यतः अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी, आणि विनंती केल्यास काही जण तुमच्यासाठीही येतील. घरी तपासणी होते, टार्टर काढता येतो, फ्लोराइडचे व्हार्निश लावता येते आणि काही खड्डे मशिनशिवाय भरता येतात. हातांच्या हत्यारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरण्याची एक पद्धत 1980 च्या दशकाच्या मध्यात टांझानियात, वीज नसलेल्या खेड्यांसाठी विकसित झाली. ना ड्रिल, ना पाण्याचा फवारा, आणि पुष्कळदा सुईही लागत नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचे एक औषध कीड लागलेल्या जागी नुसते टिपून लावले, की अनेक खड्ड्यांतली कीड थांबते. 2021 पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, म्हणून पुढच्या दातांसाठी विचार करून ठरवा. तुमच्या इतर काळ्या खड्ड्यांसाठी ही दोन्ही साधने मला फार योग्य वाटतात, कारण त्यांनी वेळ मिळतो. तुमच्या तुटलेल्या दाढेला मात्र त्यांचा उपयोग नाही. नस मेल्यावर वरून लावलेले औषध मुळापर्यंत जात नाही. रूट कॅनॉलसाठी एक्स-रे, थुंकी ओढणारी नळी आणि चांगला उजेड लागतो, आणि ते दवाखान्यातच नीट होते. तेव्हा घरची भेट ही ओळखीची भेट म्हणून वापरा. तुमच्या खोलीत, तुमच्या खुर्चीत ज्या व्यक्तीचा हात तोंडात गेला आणि सांगितल्यावर बाहेर आला, तीच व्यक्ती दवाखान्यात भेटणार असेल, तर दोन कागदांपैकी एका कागदावरचे आकडे आपोआप उतरतात.

दरम्यान घरच्या घरी करण्याजोगे पुष्कळ आहे. दिवसातून दोनदा, विशेषतः झोपण्यापूर्वी, फ्लोराइडची पेस्ट वापरा आणि घासून झाल्यावर फक्त थुंका. पाण्याने खळखळून चूळ भरली की फ्लोराइड वाहून जाते. घबराटीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते आणि कोरड्या तोंडात कीड झपाट्याने पसरते. तसे असेल, तर डॉक्टर जास्त फ्लोराइडची, 5000 पीपीएमची पेस्ट लिहून देऊ शकतात. घशाला बरे वाटावे म्हणून गोड गोळ्या चघळत राहण्याची सवय असेल, तर ती आजच सोडा. पुटकुळी दाबून फोडू नका. आणि सराव करा: आरामखुर्चीत पाठ टेकून, घरातल्या माणसाला स्वच्छ चमच्याचे टोक दाताला लावायला सांगून, हात वर केला की तो चमचा बाहेर. आधी दहा सेकंद, मग अर्धा मिनिट. हा सराव पोरकट वाटला तरी करा.

मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांच्याकडे उपचार चालू असतील, तर दाताचे काम त्यांच्या योजनेत घालायला सांगा. वर्तन उपचारात भीतीच्या पायऱ्या एकेक करून चढतात. तुमचे दोन कागद म्हणजे त्याच पायऱ्या आहेत, आणि ‘गल्लीच्या टोकापर्यंत’ याऐवजी ‘दवाखान्याच्या दारापर्यंत’ हे ठोस ठिकाण मिळाले, तर सरावाला नेमकेपणा येतो. अगोराफोबिया आधी बरा होऊ दे, मग दात पाहू, असा क्रम मात्र लावू नका. दाढ तेवढे थांबणार नाही.

या आठवड्यात एवढेच करा. घरातल्या कुणाला तरी फोनवर पाच फोटो काढायला सांगा: दात मिटून समोरून, उजवीकडून, डावीकडून, आणि तोंड उघडून वरची व खालची ओळ. खिडकीच्या उजेडात बसा, गाल बाजूला धरायला दोन चमचे वापरा आणि पुटकुळीचा फोटो वेगळा घ्या. मग एखाद्या दंतवैद्याला असा संदेश पाठवा: ‘मला घराबाहेर पडण्याची आणि दातांच्या उपचारांची तीव्र भीती आहे. फोटो पाठवत आहे. पहिल्या भेटीत उपचार नको, फक्त बोलायचे आहे, शक्यतो फोनवर किंवा वाहनात बसूनच. मी हात वर केला की तुम्ही थांबाल का, आणि सोबतीचे माणूस आत बसू शकेल का, ते कृपया कळवा.’ उत्तर तुटक आले किंवा आलेच नाही, तर तोच संदेश दुसऱ्या डॉक्टरांना पाठवा. जे डॉक्टर उत्तरात तुम्हाला एखादा प्रश्न विचारतील, त्यांच्याकडे जा.